छाट

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर चढवली
तेव्हा त्यांच्याआधी मीच वाकले बघायला.
सवय.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
बारा वर्षं टॉवेल उजेडावर धरते मी.
जिथले लूप उडालेत तिथून ट्यूबलाइट थेट डोळ्यात येते,
तिथं निळ्या खडूची फुली.
सेकंड माल.

“ही काळी फट दिसते?” पेनाचं टोक काचेवर टेकलं.
“कूर्चा एक्सरेत येत नाही.
येते ती तिनं धरून ठेवलेली जागा.
आतल्या बाजूला बघा, जागा फार उरली नाही.
कडेला हाडाला कोंब फुटलेत.
ग्रेड तीन.”

आई स्टुलावर. पातळ अजून गुडघ्याच्या वर धरलेलं.
तिला एवढंच कळलं की माल तपासला गेलाय.
“छाट?” तिनं विचारलं.

डॉक्टर नवे, लातूरकडचे.
त्यांना काय ठाऊक, की हजार विड्या मोजून दिल्या
की चेकर त्यातली मूठभर उचलून बाजूला टाकतो:
पान फाटकं, बांधणी सैल, तोंड उघडं.
त्यांचे पैसे नाहीत.
त्या विड्या परतही नाहीत.

“दुखतंय कधीपासून?”
“दोन वर्षं.”
“झिजतंय त्याच्या कितीतरी आधीपासून.
कूर्चेला नस नसते, रक्त नसतं.
ती झिजताना काही बोलत नाही.
हाडाला हाड लागलं की मग हाड बोलतं.”

परतीच्या रिक्षात मी मागे मागे मोजत गेले.
माझ्या दहावीच्या वर्षी
ती जिना उतरताना कठड्याला धरायला लागली.
आम्हाला वाटलं, नवा कठडा आवडला.
धाकट्याच्या लग्नात पंगतीला बसली नाही,
वाढत राहिली.
सगळे म्हणाले, नरसव्वाला हौस भारी.
मग पाय कमानीसारखे बाहेर झुकले,
चप्पल एकाच कडेनं झिजू लागली,
आणि मी चिडून चप्पलच बदलली
दोनदा.

घरकुलातल्या आमच्या गल्लीत सगळ्या जणी
मांडी घालून, मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
चाळीस वर्षं तीच घडी.
कात्रीनं पान, बोटांनी वळण, दोऱ्याचा वेढा,
बोटं पळायची,
गुडघे मात्र दुमडून ठेवलेल्या चादरीसारखे
घडीवरच विरत गेले.

आता ती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते.
सूप मांडीवरून घसरतं.
पुढ्यात एक स्टूल दिलं, तर म्हणते उंच होतं.
पाट दिला, तर म्हणते खाली जातं.
हजाराच्या सातशे झाल्यात.
डॉक्टरांनी ऑपरेशनचा आकडा सांगितला तेव्हा
तिनं तो विड्यांत करून बघितला,
बराच वेळ ओठ हलत होते,
मग म्हणाली, “पानं भिजत घाल.”

“मोकालु कसं आहे?” शेजारची यादम्मा विचारते.
“आहे,” ती म्हणते. “दोन आहेत.”

एक्सरे फेकायचे नाहीत, पैसे मोजलेत.
पश्चिमेच्या खिडकीची एक काच फुटलीय,
तिथं तिनं तिन्ही फिल्म चिकटपट्टीनं लावल्या,
पहिल्या वर्षाची, गेल्या वर्षाची, ह्या वर्षाची.
एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन, चारच्या पुढचं.
हाडांतून ते आत येतं, फिकट निळं.
फटीतून येत नाही.
फरशीवर पहिल्या फिल्मची
दोन उजेडांमध्ये सावलीची जाड रेघ पडते.
दुसऱ्या फिल्मची दोऱ्याएवढी.
तिसऱ्या फिल्मपाशी
आतल्या बाजूला
उजेडाला उजेड लागलेला.

मी बघते, आणि हात खिशातल्या खडूकडे जातो.

ती मात्र खुर्ची पुढे सरकवते,
हातानं उचलून पाय सरळ करते,
कट्ट असा आवाज येतो,
आणि गुडघा त्या निळ्या कवडशात ठेवते.

“ऊन बरं वाटतं,” म्हणते.
“तू मध्ये उभी राहू नको.”